कै. शंकर आबाजी भिसे : संशोधक आणि त्यांचे भांडवलदार

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत तलवारबहाद्दर आणि कलमबहाद्दर पुरुषांची उणीव कधीच भासली नाही. बाजीप्रभू आणि मुरारबाजी यांची नावे शाळकरी मुलासही ठाऊक असतात. राम गणेश गडकरी, प्रबोधनकार ठाकरे, चिंतामणराव देशमुख यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो व लिहितो. परंतु यंत्रविद्येच्या प्रांतात ज्याने साता समुद्रांपलीकडे नाव मिळविले, ज्यास परदेशी लोकांनी भारतीय एडिसन म्हणून गौरविले, त्या शंकर आबाजी भिसे यांचे स्मरण आपणांस क्वचितच होते. सुमारे दोनशे शोध आणि त्यांपैकी सुमारे चाळीस शोधांची पेटंटे, एवढी या एका माणसाची कमाई आहे. सदर स्मरणिकेसाठी एका दिवंगत ज्ञातिबांधवाचे चरित्र लिहिण्याचे काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा हेच नाव प्रथम डोळ्यांपुढे आले.

या निवडीस आणखी एक कारण आहे. आकुर्डी, भोसरी, तळवडे, चाकण या आपल्या पट्ट्यात घरोघर यंत्रकाम जाणणारी मुले आहेत. कोणी नोकरी सांभाळून रात्री एखादे नवे साधन घडवितो, तर कोणी दोन लेथ घेऊन भाड्याच्या गाळ्यात बसतो. यांतील काही माझे जुने विद्यार्थी असून, त्यांची विवंचना ठरलेली असते. पैसा हवा असेल तर पैसेवाल्यास कल्पना सांगावी लागते. कल्पना सांगितली आणि त्याने ती उचलून स्वतःच माल काढला, तर दाद कोणाकडे मागावयाची? न सांगावी, तर पैसा मिळत नाही. ही अडचण आजची नाही. शंकररावांचे सारे आयुष्य याच अडचणीच्या दोन काठांमध्ये गेले, म्हणून त्यांचे चरित्र या अंगाने सांगावे असे मनात आले.

शंकररावांचा जन्म दिनांक २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबई येथे झाला. लहानपणापासून त्यांचा ओढा यंत्रांकडे होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस काढण्याचे उपकरण बनविले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे येऊन त्या वेळी फार वर्षे झाली नव्हती. बंद भांड्यात कोळसा तापवून त्यातून निघणारा वायू नळीने बाहेर घ्यावयाचा, ही क्रिया पुस्तकात दोन ओळींत मावते. पण स्वयंपाकघरातील भांड्यांनिशी ती करून दाखविणे हे दुसरेच काम होय. विज्ञानाचे महाविद्यालयीन शिक्षण त्यांस लाभले नव्हते. सायंटिफिक अमेरिकन या अमेरिकन नियतकालिकाचे जुने-नवे अंक हीच त्यांची शाळा. सोळाव्या वर्षीच त्यांनी मनाशी ठरविले होते की, इंग्लंडास किंवा अमेरिकेस जाऊन शोधांचाच उद्योग करावयाचा.

तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मित्रांची एक मंडळी स्थापन केली आणि विविध कलाप्रकाश नावाचे मराठी मासिक काढून सामान्य वाचकास यंत्रशास्त्राची गोडी लावण्याचा यत्न केला. दृष्टिभ्रमाचे प्रयोग करण्यातही ते निपुण होते. एक घन वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत पालटल्याचा भास घडविण्याची त्यांची युक्ती थेट इंग्लंडातील मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये दाखविली गेली. याच काळात त्यांच्या डोक्यातून गुपचूप उघडता न येणारी बाटली, सायकलीसाठी विजेची जोडणी, तसेच मुंबईच्या लोकल गाड्यांत पुढचे स्थानक दाखविणारा फलक अशा कितीतरी गोष्टी निघाल्या. आज लोकल गाडीत बसलेला प्रवासी असा फलक सहज वाचतो. एकोणिसाव्या शतकात एका मराठी तरुणाने तो योजिला होता हे त्यास कोठून ठाऊक असणार?

आपल्या देशात शोधास कायद्याचे संरक्षण देण्याची रीत तेव्हा नवीच होती. येथील पहिला कायदा १८५६ सालचा. त्याखाली प्रथम अर्ज केला तो कलकत्त्याच्या डी पेनिंग नावाच्या स्थापत्यविशारदाने, आणि तोही पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाच्या डोक्यावरील पंखा ओढणाऱ्या हातांची काळजी त्यामागे होती की साहेबाच्या घामाची, हे वाचकांनीच ठरवावे. पुढे १८५९ आणि १८८८ साली नवे कायदे झाले. तथापि शोधाचे मोल करणारे भांडवल त्या काळी मुंबईत अत्यल्प होते. गिरण्यांत पैसा घालणारे धनिक होते, पण त्यांची यंत्रे लँकेशायरहून तयार येत. येथल्या माणसाने यंत्र नव्याने निर्मावे आणि दुसऱ्या येथल्याच माणसाने त्यावर पैसा लावावा, ही गोष्ट व्यवहारात आली नव्हती. म्हणून शंकररावांची दृष्टी विलायतेकडे लागली.

ती संधी एका स्पर्धेने दिली. लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राचा आराखडा मागविला होता. मुदत संपत आली असता शंकररावांस ही बातमी कळली. त्यांनी रात्र जागून आराखडा पुरा केला, आणि विलायतेतील स्पर्धकांस मागे टाकून बक्षीस पटकाविले. ही १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मुंबईतील प्रतिष्ठित मंडळींस याचे इतके कौतुक वाटले की त्यांनी शंकररावांच्या विलायतवारीस हातभार लावला. काँग्रेसचे सचिव दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये असलेल्या दादाभाई नौरोजींस त्यांच्याविषयी लिहिले.

दादाभाईंचे राजकारण सर्वांस परिचित आहे. १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले होते आणि हिंदुस्थानची संपत्ती विलायतेकडे कशी वाहून जाते याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. परंतु त्याच दादाभाईंनी वृद्धापकाळी या तरुण मराठी संशोधकाच्या पाठीशी पैसा उभा केला आणि त्याच्यासाठी इतरांकडेही शब्द टाकला, हे थोड्यांस माहीत आहे. लंडनच्या उत्तर भागात शंकररावांनी आपली कार्यशाळा थाटली. विजेवर चालणारे जाहिरातीचे फलक, स्वयंपाकघरातील साधने, टेलिफोन, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप, डोकेदुखीवरील उपकरण अशी नानाविध यंत्रे तेथे जन्मास आली. त्यांचा एक विद्युत्फलक लंडनच्या सुप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकला.

येथे थोडे थांबून विलायतेतील कायद्याची व्यवस्था सांगणे अवश्य आहे. कारण परक्या देशात, परक्या भांडवलदारांपुढे उभ्या राहिलेल्या या माणसाचे एकमेव कवच तेच होते. १८८३ सालच्या ब्रिटिश कायद्याने पेटंटाची फी एकदम उतरविली. पूर्वी पेटंट हे श्रीमंताचे काम होते. आता आरंभी एक पौंड भरून संशोधकाने आपल्या शोधाचे स्वरूप थोडक्यात वर्णन करणारा तात्पुरता मसुदा दाखल करावा आणि नऊ महिन्यांत आणखी तीन पौंड भरून पूर्ण वर्णन सादर करावे, अशी सोय झाली. या मधल्या महिन्यांचे महत्त्व मोठे आहे. तात्पुरता मसुदा नोंदला गेला की त्या दिवसाची तारीख संशोधकाच्या नावे पडते. त्यानंतर त्याने आपले यंत्र कोणास दाखविले, त्याची चर्चा केली, भांडवलदारापुढे चालवून दाखविले, तरी त्याच्या हक्कास बाध येत नाही. उलटपक्षी, नोंदीपूर्वीच गोष्ट जगजाहीर झाली तर ती नवी राहत नाही, आणि जे नवे नाही त्यास पेटंट नाही. तारखेला किती किंमत असते पाहा. अमेरिकेत १४ फेब्रुवारी १८७६ रोजी एकाच दिवशी ग्रॅहम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचे टेलिफोनविषयीचे कागद पेटंट कचेरीत पोहोचले. त्यावरून माजलेला वाद इतिहासज्ञ अद्यापि उगाळीत असतात. नाव राहिले ते बेलचे.

हीच व्यवस्था आज आपल्याकडेही आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याप्रमाणे तात्पुरता मसुदा दिल्यावर पूर्ण वर्णनासाठी बारा महिने मिळतात. व्यक्तीने स्वतःच्या नावे संगणकाद्वारे अर्ज केल्यास आरंभीची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि आपल्या भागातील अर्ज मुंबईस अँटॉप हिल येथील कचेरीकडे जातात. मात्र तरुण मंडळी येथे एक गोष्ट विसरतात. मसुद्यात जे लिहिले नाही त्यास त्या तारखेचे संरक्षण मिळत नाही. घाईने चार ओळी खरडून नोंद केली आणि भांडवलदारापुढे मात्र सर्व अंतरंग उघडे केले, तर कुंपण अंगणाला आणि गाय रानात, अशी अवस्था होते. दुसरे असे की, केवळ धंद्याच्या पद्धतीस आपल्या कायद्याने पेटंट मिळत नाही. घरपोच भाजी पोहोचविण्याची कोणाची नवी तऱ्हा असेल तर तिला कायद्याच्या चौकटीत हे कवच नाही. तेथे गोपनीयतेचा लेखी करार, नावाची नोंदणी आणि स्वतःची तत्परता यांवरच भिस्त. पुष्कळ मोठे भांडवलदार पहिल्या भेटीत असा करार करीतच नाहीत, कारण त्यांच्याकडे एकाच धाटणीच्या दहा योजना आलेल्या असतात. तेव्हा यंत्र काय करते ते सांगावे, कसे करते ते राखून ठेवावे, हा शहाणपणाचा मार्ग.

आता शंकररावांच्या आकड्यांकडे पुन्हा पाहू. शोध सुमारे दोनशे, पेटंटे सुमारे चाळीस. म्हणजे पाच शोधांपैकी चार त्यांनी कुंपणाबाहेरच सोडले. हे आळसाने झाले असे मला वाटत नाही. पेटंट एकदा घेऊन भागत नाही. ठराविक वर्षांनंतर ते जिवंत ठेवण्यासाठी वाढत जाणारी फी भरावी लागते, आणि प्रत्येक देशात पेटंट निराळे घ्यावे लागते. लंडनची नोंद न्यूयॉर्कमध्ये उपयोगी पडत नाही. ज्याच्या खिशात दुसऱ्याने दिलेला पैसा आहे त्याने कोणत्या शोधास कुलूप लावावयाचे आणि कोणता वाऱ्यावर सोडावयाचा याची निवड केलीच पाहिजे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा मार्ग याहून वेगळा होता. १९०१ साली लंडनमध्ये व्याख्यानापूर्वी एका धनाढ्य तारकंपनीवाल्याने पेटंटाचा कागद पुढे केला असता त्यांनी तो नाकारला, आणि रवींद्रनाथांस पत्राने ते कळविले. अखेर मित्रांच्या आग्रहाने त्यांच्या नावे १९०४ साली अमेरिकेत एक पेटंट झालेच. परंतु बोस हे प्राध्यापक होते, त्यांस वेतन मिळत असे. शंकररावांस शोधावरच पोट भरावयाचे होते. दोघांस एकच माप लावणे न्यायाचे नव्हे.

शंकररावांनी ज्यावर आपले सर्वस्व लावले तो शोध म्हणजे भिसोटाइप, अर्थात छापखान्याचे खिळे ओतण्याचे यंत्र. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांस खिळा म्हणजे काय हे सांगावयास नको. शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस मातृकेत ओतून एकेक अक्षर घडवावयाचे, ते खणांत भरावयाचे आणि जुळाऱ्याने ते एकेक उचलून ओळ लावावयाची. आपल्या देवनागरीत तर काना, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून खणांची संख्या शेकड्यांनी भरते. पाश्चात्य देशांत यावर दोन यंत्रे निघाली होती. ओटमार मेर्गेनथालर याचे लिनोटाइप १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यून या पत्राच्या कचेरीत चालू झाले. ते संपूर्ण ओळच एका पट्टीत ओतते. टॉल्बर्ट लॅन्स्टन याचे मोनोटाइप सुटी अक्षरे ओतून ती ओळीने लावते. या दोन्ही यंत्रांमागे बलाढ्य कंपन्या आणि पेटंटांची भली मोठी तटबंदी उभी होती. या तटबंदीतून वाट काढून, त्यांपेक्षा वेगाने आणि स्वस्तात खिळे ओतणारे यंत्र शंकररावांनी योजिले. जाणत्या अभियंत्यांस प्रथम ते खरे वाटेना. त्यांनी आव्हान दिले आणि शंकररावांनी ते स्वीकारले. मिनिटाला १२०० पर्यंत निरनिराळे खिळे ओतून जुळविणाऱ्या यंत्राची नोंद त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून केली आहे.

यंत्र सिद्ध झाले, कागद नोंदले गेले. आता ते कारखान्यात घडविण्यासाठी मोठे भांडवल हवे होते. दादाभाईंनी या कामी हेन्री हिंडमन यांस गाठले. हे गृहस्थ विलायतेतील समाजवादी चळवळीचे आद्य पुढारी. भांडवलशाहीचा कडवा शत्रू भांडवल गोळा करण्याच्या कामी लागला, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. हिंडमन यांचा यंत्रावर पूर्ण विश्वास बसला. मोठी रक्कम उभी करण्याचे आश्वासन त्यांनी दिले. परंतु आश्वासन आणि रक्कम यांत जे अंतर असते ते त्यांस ओलांडता आले नाही. दरम्यान १९०७ साली दादाभाई थकून मायदेशी परतले. शंकररावांचा आधार तुटला आणि कार्यशाळा बंद करून त्यांसही हिंदुस्थानची वाट धरावी लागली.

येथे कोणी शंकररावांची कल्पना चोरली नव्हती. कागदपत्रांचा बंदोबस्त होता. घात झाला तो काळाने. ब्रिटिश पेटंटाची मुदत त्या वेळी चौदा वर्षांची होती, आणि ती अर्जाच्या तारखेपासून चालू लागे. समजा, १९०१ साली पेटंट घेतले आणि भांडवलदाराच्या शब्दावर सात वर्षे गेली, तर निम्मे आयुष्य यंत्राचा एकही नग न विकता सरले. फी मात्र भरावीच लागते. भांडवलदाराने कल्पना पळवू नये यासाठी आपण जागता पहारा ठेवतो. पण त्याने अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम न दिल्यास माझे हक्क मोकळे, असे त्याच्याकडून लिहून घेण्याचे कोणास सुचत नाही. हिंडमन यांच्याशी लेखी अटी काय होत्या यापेक्षा फळ काय निघाले हे महत्त्वाचे, आणि फळ हे की यंत्र लंडनमध्ये बाजारात उभे राहिले नाही. खुद्द मेर्गेनथालरचीही कथा सुखाची नाही. त्याच्या यंत्राने कोट्यवधींचा व्यवसाय उभा केला, पण कंपनीची सूत्रे धरणाऱ्या धनिकांशी बेबनाव होऊन १८८८ सालीच त्यास कंपनीतून बाहेर पडावे लागले.

परतीच्या प्रवासात दैवाने एक चांगली गाठ घालून दिली. त्याच बोटीवर नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी शंकररावांचे काम समजून घेतले आणि जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांनी १९१० च्या सुमारास शंकररावांच्या शोधांसाठी स्वतंत्र मंडळी उभारली आणि शंकरराव पुन्हा विलायतेस गेले. दादाभाई, गोखले, टाटा या त्रिमूर्तीने एका कारागिराच्या पाठीवर हात ठेवावा, यावरून त्या पिढीच्या पुढाऱ्यांची नजर किती दूर जात होती हे दिसते. परंतु १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. युद्धाने विलायतेतील कारखाने तोफगोळ्यांच्या कामी जुंपले. खिळे ओतण्याच्या नव्या यंत्रात पैसा घालणार कोण? टाटांची मंडळीही पुढे चालू शकली नाही. सर रतन टाटा १९१८ साली निवर्तले.

युद्धकाळातच शंकरराव अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क हेच पुढे त्यांचे घर झाले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राची सुधारलेली रूपे सिद्ध केली, अमेरिकन पेटंटे मिळविली. तथापि एव्हाना लिनोटाइप आणि मोनोटाइप यांनी छापखाने व्यापून टाकले होते. ज्या मुद्रकाने एका यंत्रासाठी माणसे शिकवून तयार केली आहेत, सुटे भाग साठविले आहेत, तो केवळ वेग अधिक म्हणून दुसरे यंत्र घेत नाही. पेटंट हे दुसऱ्यास नक्कल करू देत नाही, एवढेच. गिऱ्हाईक आणून देणे हे त्याचे काम नव्हे. आकुर्डीकरांस हे अनुभवाने ठाऊक आहे. बजाज कंपनीने इटलीच्या पिआजोशी करार करून व्हेस्पा स्कूटर येथे बनविली. १९७१ साली तो करार संपला तेव्हा कंपनीपाशी विक्रेते होते, कारागीर होते आणि वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहणारे गिऱ्हाईक होते, म्हणून स्वतःच्या नावाने स्कूटर काढणे तिला साधले. शंकररावांपाशी शोध होता, हे उरलेले काही नव्हते.

आश्चर्य असे की, ज्या माणसाचे चित्त जन्मभर यंत्रात गुंतले त्यास अमेरिकेत यश मिळाले ते औषधाने. आयोडीनपासून त्यांनी एक औषधी द्रव्य सिद्ध केले. ॲटोमिडीन या नावाने ते अमेरिकेच्या बाजारात गेले आणि चांगले खपले. यंत्रासाठी कारखाना, साचे, अभियंते, लाखोंचे भांडवल हवे. औषधासाठी थोडक्या जागेत आरंभ करता येतो. इतकी वर्षे पैशासाठी दुसऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्यावर शंकररावांच्या वाट्यास अशी वस्तू आली की जिला मोठ्या भांडवलदाराची प्रतीक्षा करावी लागली नाही. मायदेशातही त्यांचे नाव झाले. मराठी पत्रांनी त्यांच्याविषयी लिहिले. उतारवयातही त्यांची कल्पकता आटली नव्हती. मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या टंकलेखन यंत्राचा खटाटोपही त्यांनी एकदा करून पाहिला होता. त्या काळी अमेरिकेत या विषयाचे खूळ होते, म्हणून त्याची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही.

दिनांक ७ एप्रिल १९३५ रोजी, अडुसष्टावे वर्ष पुरे होण्यास तीन आठवडे उरले असता, न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली असून ती वर्णने व आकृत्या आता कोणासही मोकळेपणी पाहता येतात. पेटंटाचा सौदाच तसा असतो : ठराविक वर्षे हक्क तुमचा, त्या बदल्यात विद्या सर्वांची. आपल्या संस्थेच्या वाचनालयात त्या आकृत्यांच्या प्रती मागवून ठेवाव्यात, अशी सूचना मी कार्यकारी मंडळास केली आहे.